सामुदायिक शेतावरचे वर्ग: मुलांचे कोणत्या हंगामात, मोठ्यांचे कोणत्या?

माहुलीकर

नमस्कार मंडळी,

साताऱ्याहून कोरेगावला जाताना क्षेत्र माहुली मागे पडली की काळी रानं लागतात. तिथं आम्ही काही घरांनी मिळून थोडी जमीन खंडाने घेतली आहे आणि ती एकत्र कसतो. कुणी बँकेत आहे, कुणाचं किराणा दुकान आहे, दोन घरं मूळची शेतकऱ्यांची. पिकेल ते वाटून घेतो. आता शाळांमधून आणि सोसायट्यांमधून विचारणा व्हायला लागली आहे: मुलांना घेऊन येऊ का, आम्हाला काही शिकवाल का. आम्हाला हे करायचं आहे आणि मनापासून करायचं आहे.

भेटेल तो सांगतो की पावसाळ्यात ठेवा, पेरणी दाखवा, चिखलात पोरं खूश होतात. मला हे पटत नाही. मृग-आर्द्रात पेरणीची घाई असते, वाफसा, म्हणजे रानात पेरणीजोगी बेताची ओल, मिळेल त्या दोन-चार दिवसांत सगळं उरकायचं असतं. शाळाही नुकत्याच सुरू झालेल्या असतात. पेरणी रविवार बघून होत नाही. पुढं जुलै-ऑगस्टमध्ये रानात पाय घातला तर पाय रुततो आणि रोपं तुडवली जातात. मुलांना जे दिसतं तो चिखल, पीक नव्हे.

माझं म्हणणं, मुलांसाठी शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी धरावी. 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर हा शाळूच्या पेरणीचा काळ. साधारण चार महिन्यांत पीक काढणीला येतं. म्हणजे घटस्थापनेच्या आसपास पेरलं की जानेवारीत हुरडा आणि फेब्रुवारीत काढणी. पेरणीपासून भाकरीपर्यंत सगळं एका शालेय वर्षात बसतं, तेही वार्षिक परीक्षेच्या आधी. खरीप मोठ्यांसाठी ठेवावा, कारण मोठ्यांचं खरं शिकणं पेरणीच्या आधी मे महिन्यात सुरू होतं: माती, बियाणं, बीजप्रक्रिया.

सोसायटीतल्या काही पालकांना एका दिवसाची सहल हवी आहे. ती करायची नाही असं आमच्यात जवळपास ठरलं आहे. मुलाने एकाच तुकड्यावर पुन्हा पुन्हा यावं, हीच अट ठेवायची आहे. तुम्हाला काय वाटतं? ज्यांनी असं काही केलंय त्यांनी जरूर लिहा.

गोडोली

शाळूची कल्पना एकदम पटली. आमच्या घरी घटाच्या परडीत काळी माती घालून धान्य पेरतात. मुलं रोज बोटाने उंची मोजतात. तेच धान्य त्याच आठवड्यात रानात पेरताना बघितलं तर घर आणि रान आपोआप जोडलं जाईल.

खटावचे गुरुजी

माहुलीकर, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, म्हणून शाळेच्या बाजूने लिहितो.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत. बहुतेक ठिकाणी हे दहा दिवस सलग उरकायचा विचार होतो, आणि सलग दहा दिवसांत शेतात बघण्यासारखं काही बदलत नाही. हेच दहा दिवस शाळूच्या आयुष्यावर पसरा. एक दिवस पेरणीचा, एक विरळणीचा, म्हणजे दाट उगवलेली जादा रोपं काढायचा, एक भांगलणीचा, म्हणजे तण काढायचा, मग पोटरीत (वरच्या पानाच्या आवरणात) कणीस आलं की एक, पाखरं राखायला एक, हुरड्याला एक, काढणीला, मळणीला आणि शेवटी दळून भाकरी थापायला. मुख्याध्यापकांना ही मांडणी कागदावर दिलीत तर परवानगीला अडचण येणार नाही, कारण तरतूद धोरणातच आहे.

दुसरं, गणित तिथंच शिकवा. आमच्याकडे सरळ काठाच्या बरणीला पट्टी चिकटवून मुलं पाऊस मोजतात. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एक एकर म्हणजे 4,047 चौरस मीटर. म्हणजे एक मिलिमीटर पडला की एकरावर चार हजार लिटर आलं, दहा मिलिमीटर पडला की दहा हजार लिटरचे चार टँकर. खटाव-माणमधल्या मुलाला टँकर म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. हा हिशोब फळ्यावर मांडला तेव्हा वर्गात कुणी हललं नाही. आपल्याच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आमच्याकडे 500 च्या आसपास. दोन्हीकडच्या मुलांनी नोंदवह्या अदलाबदल केल्या तर भूगोलाचा तो धडा कुणी विसरणार नाही.

आणि साताऱ्याला हे नवीन नाही. कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, 1919 मध्ये काले इथं रयत शिक्षण संस्था काढली, 1924 मध्ये ती साताऱ्यात आणली. सगळ्या जातींची मुलं एका वसतिगृहात राहून शेतात राबायची आणि शिकायची. ‘कमवा आणि शिका’ त्यातूनच उभं राहिलं. मुलांच्या हाताला माती लागण्याला आपल्याकडे शंभर वर्षांची परंपरा आहे. तुम्ही ती पुढं नेताय, बिनधास्त करा.

येरळाकाठ

सगळं वाचलं. एक प्रश्न मनापासून विचारतो. शहरातल्या पोरांना शाळू दाखवाल, चांगलं आहे. पण शेतकऱ्याच्या पोरांचं काय? ती शाळेतून आल्यावर वैरण आणतात, दारं धरतात म्हणजे पिकाला पाणी देतात, सुट्टीत आईबरोबर भांगलायला जातात. त्यांना सहल म्हणून भांगलायला नेणार का? त्यांना वाटेल घरचंच काम शाळेतबी.

खटावचे गुरुजी

दादा, प्रश्न रास्त आहे. माझ्या वर्गात निम्म्याहून जास्त मुलं अशीच आहेत. त्यांना भांगलण शिकवायची नाही. त्यांच्याकडून शिकायचं आहे. वाफसा आला की नाही हे पुस्तकातून कळत नाही. आमचा सातवीतला मुलगा मूठभर माती दाबून गोळा करतो आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडतो. गोळा फुटून पसरला तर वाफसा आहे. थापी होऊन पडला तर अजून ओल जास्त आहे. गोळाच वळला नाही तर रान सुकलं. शहरातल्या मुलांसमोर हे तोच करून दाखवेल, मी मागं उभा राहीन.

आणि त्या मुलांना घरी मिळत नाही ते आपण द्यायचं: माती परीक्षण, किडींची ओळख, खर्चाचा हिशोब. बाप शेतात किती घालतो आणि हातात किती येतं, हे बहुतेक मुलांना कुणी सांगितलेलं नसतं.

वाफसा

मी कृषी सहायक म्हणून निवृत्त झालो. सातारा आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांत नोकरी केली. मोठ्यांच्या वर्गाबद्दल सविस्तर लिहितो, कारण तिथं बहुतेक ठिकाणी नुसती भाषणं होतात. खुर्च्या, माइक, हार आणि जेवण. शेताकडे कुणी फिरकत नाही.

आमच्या खात्यात शेतीशाळा ही पद्धत आहे. तिची सुरुवात 1989 मध्ये इंडोनेशियात भातावरच्या तुडतुड्यांच्या प्रश्नातून झाली. तत्त्व साधं आहे. एकच प्लॉट, ठरलेल्या दिवशी सकाळी पूर्ण हंगामभर जायचं. चार-पाच जणांचे गट करायचे. प्रत्येक गटाने काही झाडं निवडून ती मुळापासून शेंड्यापर्यंत बघायची, कीड किती, मित्रकीटक (कीड खाणारे) किती ते मोजायचं आणि मोठ्या कागदावर झाडाचं चित्र काढायचं. एका बाजूला कीड, दुसऱ्या बाजूला मित्रकीटक. मग चर्चा करून गटानेच ठरवायचं, फवारणी करायची की थांबायचं. शिकवणाऱ्याने उत्तर द्यायचं नाही. पन्नाशीतले लोक स्केचपेन घेऊन खाली मांडी घालून बसतात तेव्हा सुरुवातीला लाजतात, पण तिसऱ्या-चौथ्या भेटीत भांडायला लागतात की आमचा कोळी मोजायचा राहिला. तिथून खरं शिकणं सुरू होतं.

ढालकिड्याची अळी तर सगळ्यांना नक्की दाखवा. ढालकिडा, म्हणजे लाल पाठीवर काळे ठिपके असलेला, लोक ओळखतात. त्याची अळी काळपट, अंगावर नारिंगी ठिपके, बारीक मगरीसारखी दिसते. कीड समजून लोक ती चिरडतात, आणि मावा खाणारी सगळ्यात खादाड तीच असते. शाळूवर मावा पडला की पानं चिकट होतात, आपण त्याला चिकटा म्हणतो. त्या पानावर ही अळी शोधायला मुलांना लावा. भिंग दिलंत तर तास कुठं गेला कळणार नाही.

आता मे महिन्याचं. सोयाबीनची उगवण चाचणी हा मोठ्यांचा पहिला वर्ग करा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडायचे, वर दुसरं ओलं गोणपाट टाकायचं, गुंडाळी करून सावलीत ठेवायची. रोज पाणी शिंपडायचं. सहा-सात दिवसांनी उघडून चांगले कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त आले तर एकरी 30 किलो बियाणं पुरतं. साठ आले तर 35 किलो लागेल. साठच्या खाली गेलं तर ते बियाणं म्हणून वापरू नका. सोयाबीनची साल नाजूक असते, पोतं आपटलं किंवा थप्पी उंच लावली की उगवण घटते. हे सांगून पटत नाही. त्याच पोत्यातले काही दाणे डोक्याइतक्या उंचीवरून फरशीवर टाकून त्यांची वेगळी चाचणी लावा. दोन गुंडाळ्या शेजारी उघडल्या की बोलावं लागत नाही.

सोयाबीन स्वपरागसिंचित असल्यामुळे एकदा चांगलं बियाणं घेतलं की घरचंच तीन वर्षं चालतं. दरसाल पिशवी विकत घेणाऱ्याला हे कळणं म्हणजे सरळ पैसे वाचणं आहे. आणि पेरणी 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय नको. वळवाच्या सरीवर पेरून दुबार पेरणीची पाळी आलेले लोक मी दरवर्षी बघत आलो.

सदरबझारची आई

वाफसा काका, मी शेतातलं काहीच जाणत नाही, माहेर-सासर दोन्ही शहरातली. माझ्यासारख्यांना मोठ्यांच्या वर्गात जागा आहे का? आम्ही पेरणार नाही, पण बाजारातून आणतो. मला परसबागेपुरतं तरी यायला हवं असं वाटतं. आणि मुलं-आईवडील एकत्र एकाच वर्गात असावेत का?

माहुलीकर

ताई, तुमच्यासारख्यांसाठीच तर करतोय. परसबाग, कंपोस्ट आणि पावसाळी भाज्या यांचा वेगळा गट करू. कुर्डू, पाथरी, चिघळ, तांदुळजा या आमच्या बांधावरच उगवतात. ओळखणाऱ्या आजी शेजारच्या वस्तीवर आहेत, त्या शिकवायला तयार आहेत आणि त्यांना मानधन द्यायचं ठरलं आहे. फक्त एक नियम कडक राहील: आजींनी हातात घेऊन बघितल्याशिवाय कुठलीही भाजी पिशवीत जाणार नाही.

एकत्र वर्गाबद्दल: आम्ही वेगळे ठेवणार. आईवडील शेजारी असले की मूल हात घालत नाही. कपडे मळतील, तिकडे जाऊ नको, हे सुरू होतं. पेरणी, हुरडा आणि मळणी या तीन वेळा मात्र सगळे एकत्र. कामाला माणसं लागतात तेव्हा पूर्वी गावात इर्जिक घालायचे, पैरा करायचे. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. ते मोठ्यांनी आणि मुलांनी एकत्रच अनुभवायला हवं.

येरळाकाठ

गुरुजींचं उत्तर पटलं. म्हणून एक काळजीची गोष्ट सांगतो. विरळणीला पोरं शाळूची कोवळी रोपं उपटणार. ती घेऊन शेजारच्या गाईम्हशींना चारायला पळतील, पोरांना हौस असते. अजिबात चारू देऊ नका. कोवळ्या ज्वारीतून जनावराच्या पोटात सायनाइड तयार होतं. तासाभरात जनावर तडफडून मरतं. आमच्या भागात पाण्याचा ताण बसलेल्या कोवळ्या शाळूत जनावर शिरलं तर माणूस जेवण टाकून पळतो. उपटलेली रोपं मोजून सगळी खड्ड्यात टाका. आणि का टाकली ते पोरांना सांगा.

माहुलीकर

येरळाकाठ दादा, फार मोलाचं सांगितलंत. आमच्या शेजारीच गोठा आहे. हे लेखी नियमांत पहिलं घालतो.

राजापुरी हळद

मी मिरज तालुक्यातून. आमच्याकडे चार महिन्यांचं पीक हा विचारच नाही, हळद नऊ महिन्यांची. अक्षय्य तृतीयेच्या पुढं लावतात आणि जानेवारी ते मार्चमध्ये काढतात. त्यामुळे मुलांना पूर्ण हंगाम दाखवणं अवघड. पण काढणीनंतरचं काम मुलांसाठी फार चांगलं आहे. कंद वेगळे करणं, काहिलीत शिजवणं, काडी टोचून शिजली का बघणं, उन्हात वाळवणं, मग ड्रममध्ये पॉलिश. ओली हळद वाळल्यावर किती उरते याचं वजन मुलांनी स्वतः केलं तर शेतमालाचा भाव कसा ठरतो ते त्यांना कुठल्याही भाषणाशिवाय कळेल. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही जोडून सांगता येतं.

एक इशारा. हरिपूरला हळद साठवण्याची जमिनीखालची पेवं होती. 2005 च्या महापुरात त्यातली बरीच गेली. जुनं पेव बघायला म्हणून मुलांना नेत असाल तर वरूनच दाखवा. बंद पेवात प्राणवायू नसतो, जाणता माणूससुद्धा झाकण काढून बराच वेळ हवा खेळू दिल्याशिवाय उतरत नाही.

आणि मोठ्यांसाठी एक विषय माझ्याकडून: क्षारपड जमीन. आमच्या कृष्णाकाठी उसाला पाणी देत राहून सोन्यासारखी रानं पांढरी झाली. वरून मीठ फुटलेलं रान एकदा प्रत्यक्ष दाखवा. पाटपाणी मिळालं म्हणजे जिंकलं असं वाटणाऱ्या तरुण शेतकऱ्याने ते बघायलाच हवं. आमच्या भागात या, मी स्वतः फिरवतो.

आटपाडीकर

मोठ्यांनी शेतावर शिकणं यावरून आठवलं. औंध संस्थानाने 1939 मध्ये आमच्या आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसाहत काढली. शिक्षा झालेले कैदी भिंतींशिवाय तिथं राहतात, शेती करतात, कुटुंबही सोबत असतं. जमिनीवर माणसाला काम आणि विश्वास दोन्ही दिलं तर काय होतं याचं उदाहरण आपल्याच भागात आहे. मोठ्यांच्या गटाला त्याचा इतिहास नक्की सांगा.

गोडोली

सहल नको म्हणालात, पण एक सुचवतो. लिंबची बारा मोटांची विहीर शेतापासून फार लांब नाही. 1719 ते 1724 च्या दरम्यान बांधलेली. आधी शेतावर बादलीने पाणी ओढून एक वाफा भिजवायला लावा, मग ती विहीर दाखवा. एकाच वेळी बारा मोटा म्हणजे किती बैल, किती माणसं, हे हात दुखल्यावर समजेल.

माहुलीकर

गोडोली, हे घेतलं. विरळणी आणि भांगलणीच्या मधल्या आठवड्यात ठेवू.

सदरबझारची आई

साप, बिबट्या आणि शौचालय. तीनही विचारायलाच हवेत. आमच्या सोसायटीत सातवी-आठवीच्या मुली जास्त आहेत. शौचालय नसेल तर त्या दिवसभर पाणी पिणार नाहीत, हे पुरुष मंडळींच्या लक्षात येत नाही.

वाफसा

ताई, तुम्ही सगळ्यात महत्त्वाचं विचारलंत. सापाबद्दल मी सांगतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चार विषारी साप आपल्याकडे आहेत. पायात घोट्याच्या वर जाणारे बूट, गवतात हात घालण्याआधी काठी, रचलेलं पाचट किंवा दगड मुलांनी उचलायचे नाहीत. दुर्दैवाने चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट आवळून बांधायचं नाही. तो हात किंवा पाय हलू न देता थेट दवाखान्यात. मांत्रिकाकडे एक मिनिटही घालवायचं नाही. प्रतिसर्पविष जवळ कुठल्या सरकारी दवाखान्यात आहे ते वर्ग सुरू होण्याआधी माहुलीकरांनी स्वतः जाऊन विचारून यावं, आणि गाडी दिवसभर शेतावर उभी असावी.

माहुलीकर

काका, दवाखान्यात या आठवड्यातच जाऊन येतो. गाडी राहील.

बिबट्या: आमच्या लगत ऊस नाही, पण ओढ्यापलीकडे आहे. म्हणून सगळे वर्ग सकाळी सात ते अकरा. संध्याकाळचं काहीच ठेवणार नाही. हुरडासुद्धा सकाळीच. रात्री आगटीभोवती बसण्यात मजा असते हे खरं, पण मुलं सोबत असताना नको.

ताई, शौचालय आज नाही. दोन बांधायची ठरली आहेत, एक फक्त मुली-बायकांसाठी, पाण्याची टाकी आणि आतून कडी असलेली. ती पूर्ण झाल्याशिवाय मुलांचा एकही वर्ग सुरू होणार नाही. सप्टेंबरच्या आत होतील. आतून पाहणी करायला तुम्हीच यावं अशी विनंती आहे, तुम्ही हो म्हणालात की तारीख लावू.

मोठ्यांचं थांबवायची गरज नाही. सोयाबीनची उगवण चाचणी येत्या रविवारी सकाळी सातला लावतोय, उघडायची पुढच्या रविवारी. ज्यांच्याकडे घरचं बियाणं आहे त्यांनी प्रत्येक वाणाचे निदान तीनशे दाणे कागदाच्या पुडीत आणावेत. दाणे निवडून चांगले चांगले आणू नका, पोत्यात वर, मध्ये आणि तळाला हात घालून जसे येतील तसे आणा. पुडीवर वाणाचं नाव, काढणीचा महिना आणि मळणी कशाने केली ते लिहा. गोणपाट आमच्याकडे आहे.

येरळाकाठ

येतो. मळणी यंत्राचं एक आणि काठीने बडवलेलं एक, दोन्ही पुड्या आणतो. फरक किती पडतो ते मलाबी बघायचंय.